रंगुबाईची निवळी

रंगुबाई गर्जे हिने बासष्ट वर्षांत समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि पाहावा असं तिला कधी वाटलंही नव्हतं. तिसगावच्या कोरड्या शिवारात वाढलेल्या या बाईला तीन तऱ्हेचं पाणी ठाऊक होतं: हापशाचं, टँकरचं, आणि ऊस तोडायला गेल्यावर दिसणारं पाटाचं. समुद्राचं पाणी तिच्या दारात आलं ते ऑगस्टमधल्या एका सकाळी, मालवाहू रिक्षातून, निळ्या झाकणांच्या चार ड्रममध्ये भरून.

दार मुलीचं होतं. सुकन्या देवळाली प्रवरात माती-पाणी तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत कामाला होती आणि पाटाच्या अलीकडे दोन खोल्यांत राहत होती. रंगुबाईने एकतीस हंगाम कोयता चालवला होता. नवरा भिमाजी वारल्यावरही ती चार हंगाम गेली, गावच्याच मालनबाईशी जोडी करून. मग उजवा गुडघा वाकायचा थांबला. फडात बसता येईना, मोळी डोक्यावर घेऊन उठता येईना. सुकन्या गावी आली आणि आईचं गाठोडं बांधून तिला घेऊन गेली.

त्या दोघी एकमेकींना तशा अर्ध्याच ओळखत होत्या. तान्हेपण सोडलं तर सुकन्येचं लहानपण दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत मावशीकडे आणि पुढे वसतिगृहात गेलं. हिवाळ्यात आई कशी दिसते हेच तिला माहीत नव्हतं. आता संध्याकाळी ती कामावरून घरी यायची, दोघी जेवायच्या, आणि बोलायला काही सुचायचं नाही. "आज काय केलंस?" असं सुकन्या विचारायची. "काय करनार," असं रंगुबाई म्हणायची. तिथेच संपायचं.

त्या चार ड्रममागची गोष्ट अशी. देवळालीतले दातांचे डॉक्टर शामकांत दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची एक बाटली तपासायला आणून देत. पहिल्यांदा आणली तेव्हा मीटरचा आकडा टोकाला जाऊन थांबला. सुकन्या म्हणाली होती, "डॉक्टर, या पाण्यावर ऊस जळून जाईल." डॉक्टर हसले. "ऊस नाही गं. मासे आहेत." त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात तिथे तीन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी होती. पुढे डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि मुलाकडे पुण्याला जायचं ठरवलं. जाण्याआधी सुकन्येला बोलावून म्हणाले, "मासे केव्हाच गेले. टाकी तू ने. पाणी कसं राखायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

टाकीत उरलं होतं ते थोडकंच. आठ-दहा भुरकट दगड, एक गोगलगाय, आणि एका दगडाच्या आडबाजूला करंगळीच्या नखाएवढा जांभळट गुलाबी डाग. डॉक्टरांनी बॅटरीचा झोत मारून तो दाखवला. "हा एवढाच जिवंत आहे. प्रवाळासारखं शेवाळ असतं हे. वाढलं तर सगळा दगड रंगवून टाकतं. माझ्याकडे सात वर्षांत वाढलं नाही."

सुकन्येने टाकी आतल्या खोलीत भिंतीला लावली, पंप सुरू केला, निळसर दिवा लावला. रंगुबाई कॉटवर बसून बघत होती.

"त्या दगडाला गुलाल कुनी लावला?" तिने विचारलं.

"गुलाल नाही आई. शेवाळ आहे."

"शेवाळ हिरवं असतं."

"हे गुलाबी असतं. आणि मऊ नसतं, दगडासारखं कडक असतं. पाण्यातला चुना खाऊन वाढतं."

रंगुबाईच्या कमरेला चंची होती, चंचीत पान, कात आणि चुन्याची डबी. "चुना खातंय," ती म्हणाली, "मग रंगनारच की. आपलं तोंड रंगतंय तसं."

सुकन्या हसली. तिचं मोठ्याने हसणं रंगुबाईने बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

त्यानंतर रंगुबाईच्या दुपारी बदलल्या. सुकन्या कामावर गेली की ती दार ओढून घ्यायची आणि खिडकीला चादर लावायची. खोलीत निळा उजेड भरायचा. तो भिंतीवर हलायचा, कॉटवर हलायचा, तिच्या हातांवर हलायचा. उसाच्या पात्यांनी चिरून चिरून काळे पडलेले ते हात त्या उजेडात दुसऱ्याच कुणाचे वाटायचे. पंपाचा आवाज बारीक आणि एकसारखा. पडल्या पडल्या तिला वाटायचं, आपणही त्या दगडांच्या मध्ये कुठेतरी बसलो आहोत, डोक्यावरून पाणी जातंय आणि लुगडं भिजत नाही. गोगलगाय काचेवरून सरकत यायची आणि दुपार उलटेपर्यंत वीतभर पुढे जायची. रंगुबाईला तिची घाई नव्हती आणि गोगलगाईला रंगुबाईची. एकतीस वर्षांत दुपारी डोळे मिटले की मुकादमाची हाक यायची. इथे कुणी हाक मारत नव्हतं.

कधी झोप लागायची, कधी नाही. मधल्या अवस्थेत तिला पहाटेचं धुकं दिसायचं, पाटाकाठच्या फडावर पसरलेलं, आणि त्यातून चालणाऱ्या बायका, फक्त डोकी दिसणाऱ्या. ती डोकी हळूहळू तरंगत जायची. डोळे उघडले की समोर पाणीच असायचं.

रोज उठल्यावर ती काचेला नाक लावून त्या डागाकडे बघायची. करंगळीचं नख. आठवड्याने करंगळीचं नख. महिन्यानेही तेवढंच.

"वाढत का न्हाई गं हे?" तिने सुकन्येला विचारलं.

"हळू वाढतं, आई. महिने लागतात."

"उपाशी असंल."

सुकन्येने ते बोलणं कानाआड केलं. तिला त्या दिवसांत प्रयोगशाळेत काम फार होतं, रब्बीच्या आधी माती तपासायला शेतकऱ्यांची रांग लागायची. टाकीत बाष्प होऊन पाणी कमी झालं की फिल्टरचं गोडं पाणी ओतायचं, इतकंच ती करत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रंगुबाईने ठरवलं. सुकन्या घराबाहेर पडताच तिने चंचीतून चुन्याची डबी काढली. आदल्याच बाजारात नवीन भरून आणली होती. तांब्याभर पाण्यात तिने सगळा चुना बोटाने कालवला, झाकण उचललं आणि तांब्या टाकीत उपडा केला.

पाणी बघता बघता दूध झालं. आधी एक पांढरा ढग खाली उतरला, मग तो पसरला, मग दगड दिसेनासे झाले. थोड्या वेळाने बर्फासारखे बारीक कण सगळीकडे तरंगू लागले. रंगुबाईला आधी ते छानच वाटलं. तिला वाटलं, खातंय. ती काचेजवळ बसून राहिली आणि कण खाली बसायची वाट बघू लागली. ते बसले तेव्हा गोगलगाय काचेवरून सुटून तळाला उलटी पडलेली दिसली.

सुकन्या घरी आली, टाकीकडे बघितलं आणि पिशवी हातातच धरून उभी राहिली.

"काय टाकलंस?"

"चुना."

"किती?"

रंगुबाईने रिकामी डबी पुढे केली.

"तुला कुणी सांगितलं होतं?" सुकन्या ओरडली. "पाणी जाळलंस तू सगळं! विचारायचं तरी!"

सुकन्येने बादल्या काढल्या, अर्धं पाणी उपसलं, टाकीच्या खास मिठाचं नवं पाणी कालवलं, मापून मापून भरलं. खायच्या मिठाने हे पाणी होत नाही. त्याचं वेगळं मीठ तिने पुण्याहून मागवून ठेवलं होतं. काम आटोपून ती आईकडे वळली तेव्हा रंगुबाई बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

चार दिवसांत डाग पांढरा पडला. दातासारखा पांढरा. सुकन्येने बॅटरी मारून पाहिलं, गुलाबीचा ठिपकाही उरला नव्हता.

रंगुबाई आतल्या खोलीत जाईना. दुपारी ती ओट्यावर बसायची. जेवायची, भांडी घासायची, बोलायची नाही. तिने पान खाणंही सोडलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुकन्येच्या ते लक्षात आलं, कारण आईचे ओठ फिके दिसत होते. आपण काय बोललो ते तिला आठवलं. माफी कशी मागायची हे तिला येत नव्हतं. आईची माफी मागायला आधी आईशी भांडावं लागतं, आणि तेवढा सहवासच दोघींना कधी मिळाला नव्हता.

रविवारी तिने कपाटातून टाकीच्या पाण्याची जुनी बाटली काढली. चुना पडण्याच्या आठवडाभर आधी भरून ठेवलेली. ती प्रयोगशाळेत नेऊन तिने पाणी तपासलं. तपासणीच्या रसायनाचे थेंब मोजत गेली, पाणी गुलाबीचं निळं होईपर्यंत. रंग फारच लवकर बदलला. हवा होता त्याच्या अर्धाच चुना पाण्यात होता. डॉक्टरांनी सात वर्षं तिच्याकडून क्षार मोजून घेतले होते, चुना कधी विचारला नव्हता, आणि तिनेही कधी पाहिला नव्हता.

ती घरी आली ती थेट ओट्यावर आईशेजारी बसली.

"आई, तू म्हणालीस ते खरं होतं. ते उपाशीच होतं."

रंगुबाईने मान वर केली.

"मला कळायला पाहिजे होतं. माझं कामच ते आहे. तुझं फक्त देण्याचं चुकलं. एकदम दिलंस. माझं..." ती थांबली. "माझं बोलण्याचं चुकलं."

रंगुबाईने नजर पाटाकडे वळवली. मग म्हणाली, "चुकलं म्हंजे काय, अक्कल गहान ठेवली मी. तान्ह्या पोराला चुना देतात व्हय कदी? निवळी देतात. तुला म्या फडावरच्या कोपीत निवळी पाजली की. रोज सकाळी एक चमचा. आन इथं डबीच पालथी केली."

"निवळी?"

"चुना पान्यात कालवायचा, राती ठिवायचा. सकाळी गाळ खाली बसतो. वरचं नितळ पानी तेवढं घ्यायचं. गाळाला धक्का लावायचा न्हाई."

मोबाईलवर सुकन्येने गेले चार दिवस परदेशातल्या लोकांचं वाचून काढलं होतं. ते टाक्यांमध्ये जे नितळ पाणी थेंब थेंब सोडतात ते हेच होतं.

दुसऱ्या दिवशी सुकन्येने प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध चुना आणला आणि औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी. रंगुबाईने लोणच्याची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन घेतली. फिल्टरच्या पाण्यात चुना कालवला, झाकण लावलं, बरणी कोपऱ्यात ठेवली आणि सुकन्येला बजावलं, "हिला कुनी हात लावायचा न्हाई."

पहाटे ती उठली. बरणीतलं पाणी स्वच्छ झालं होतं, वर काचेच्या पापुद्र्यासारखी पातळ साय धरली होती. साय एका बाजूला सारून तिने वाटी वाटीने नितळ पाणी काढलं, बाटलीत भरलं, बाटली खिळ्याला टांगली. सलाईनची चकती कशी फिरवायची हे तिला भिमाजीच्या आजारपणापासून येत होतं. एक थेंब. मग तीन श्वास. मग एक थेंब. दिवसभरात टाकीतलं जेवढं पाणी उडून जाई तेवढंच निवळीचं आत जाई.

"आता?" सुकन्येने विचारलं.

"आता काय. बघायचं."

बघायला पांढऱ्या दगडांशिवाय काही नव्हतं. सुकन्येने नवीन दोन गोगलगाई मागवल्या. त्या आल्या, फिरू लागल्या. रंगुबाई पुन्हा दुपारी आत बसू लागली. निळा उजेड, पंपाचा आवाज, आणि आता थेंबाचा आवाज. तिच्या डोळ्यांवर झापड यायची ती थेंबांच्या चालीवर. संध्याकाळी सुकन्या आली की आता बोलायला असायचं. आज निवळी जरा जास्त गेली का, मोठी गोगलगाय कुठे बसली होती, पाणी किती उतरलं. बोलता बोलता बोलणं टाकीबाहेर जायचं. कोपीत अवकाळी पाऊस शिरला तेव्हा सुकन्येला गुंडाळून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली कशी बसली होती, ते रंगुबाईने एकदा सांगितलं. वसतिगृहात दिवाळीला सगळ्या मुली घरी जायच्या आणि आपण आणि स्वयंपाकीणबाई दोघीच उरायचो, ते सुकन्येने सांगितलं. रंगुबाईला ते माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. तिसगावची टोळी पाटापलीकडे कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून उतरली. पहिल्याच बाजाराला मालनबाई विचारत विचारत घरी आली. उंच, हाडकुळी, आवाज फडाच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल असा.

"रंगे, काचंच्या कपाटात पानी भरून बसलीस म्हनं!"

रंगुबाईने तिला आत नेलं. मालनबाईने डोळे बारीक करून बघितलं.

"मासा कुठाय?"

"मासा न्हाई."

"मग बघायचं काय?"

"वाढनार हाय त्यात काहीतरी."

"काय?"

"रंग."

मालनबाईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. चहा प्यायली, गावाकडच्या चार गोष्टी सांगितल्या, आणि जाताना दारात सुकन्येला हळूच म्हणाली, "आईला एकटीला ठिवत जाऊ नको गं फार."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रंगुबाईने सकाळी सकाळी सुकन्येला हलवून उठवलं.

"चल. बघ."

टाकीच्या उजव्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, मोहरीपेक्षाही बारीक असे सहा ठिपके होते. गुलाबी. सुकन्येने नखाने बाहेरून घासून पाहिलं, ते आतून होते. मेलेल्या डागाने मरण्याआधी कधीतरी आपलं बी पाण्यात सोडलं होतं, आणि दोन महिने ते कुठेतरी चिकटून वाट बघत होतं.

"सा हायेत," रंगुबाई म्हणाली. तिला लिहिता वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

तिने कपाळाच्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि काचेवर बाहेरून प्रत्येक ठिपक्याशेजारी एकेक टिकली लावली, म्हणजे चुकायला नको. आठवड्याने ठिपके अकरा झाले. मग एकोणीस. मग टिकल्या पुरेनात. जानेवारीत पहिले ठिपके टिकलीएवढे झाले, कडेला फिकट पांढरी किनार आणि मध्ये गडद. काही कांद्याच्या सालीसारखे, काही तुरीच्या शेंगेवरच्या रेघांसारखे जांभळे, एक तर थेट डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचा. थंडीत पाणी लवकर उडत नव्हतं, म्हणून निवळी कमी जायची, तर रंगुबाई खोलीतला पंखा जरा वाढवायची. तेही तिनेच शोधून काढलं होतं.

फेब्रुवारी सरता सरता दगड रंगले. पांढरे पडलेले, भुरकट असलेले, एकामागून एक. पंपाच्या काळ्या प्लॅस्टिकवर रंग चढला, मोठ्या गोगलगाईच्या पाठीवर चढला. ती गोगलगाय काचेवरून फिरू लागली की गुलाबी दगडच चालतोय असं वाटायचं. दुपारी खोलीतला उजेड आता नुसता निळा राहिला नव्हता. अर्धवट झोपेत रंगुबाईला वाटायचं, आपल्या पापण्यांना आतून कुणीतरी रंग देतंय. एकदा तिने स्वप्नात पाहिलं की तिसगावच्या माळावरचे सगळे खडक तसेच झाले आहेत, डोंगरापर्यंत, आणि शेळ्या त्यांच्यावरून पाय जपून टाकत चालल्या आहेत. ते स्वप्न तिने सुकन्येला सांगितलं. सुकन्या म्हणाली, "कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठे कुठे समुद्र होता, आई." रंगुबाईला ते खरं वाटलं नाही, पण आवडलं.

मार्चच्या अखेरीला दुपारी अवकाळी वादळ आलं. वारा, गारा, आणि पाटाकडची विजेची तार तुटून खाली. पंप थांबला. दिवा विझला. खोलीत इतकी शांतता झाली की रंगुबाईला आपलाच श्वास ऐकू आला.

तिने सुकन्येला मोबाईल लावला.

"आई, रस्त्यावर झाडं पडलीत, मला यायला वेळ लागेल," सुकन्या म्हणाली. "पाणी हलतं ठेव फक्त. थांबू देऊ नको."

रंगुबाईने तांब्या घेतला. टाकीतून भरायचा, हात उंच करायचा, धार सोडायची. भरायचा, उंच करायचा, सोडायची. गुडघ्यामुळे उभं राहता येईना, म्हणून तिने कॉट ओढून टाकीला लावली आणि कडेला बसून चालू ठेवलं. खांदा भरून आला, मग सुन्न झाला. हाताला चाल सापडली. ही चाल तिच्या अंगात जुनी होती, वाकायचं, घाव घालायचा, उचलायचं, टाकायचं. बाहेर गारा थांबल्या, ऊन पडलं, पत्र्यावरून वाफा निघू लागल्या. किती वेळ गेला तिला कळलं नाही.

दार वाजलं. मालनबाई. तिच्या टोळीच्या कोप्या वाऱ्याने उडाल्या होत्या, माणसं शाळेत जाऊन बसली होती, आणि रंगू एकटी असेल म्हणून ही चिखल तुडवत आली होती.

"काय करतीस रंगे?"

"पानी हलवतीय. थांबलं तर मरंल."

मालनबाई पुढे झाली आणि मग तिला दिसलं. खिडकीवरची चादर वाऱ्याने पडली होती आणि उतरतं ऊन थेट टाकीत शिरलं होतं. दगड, काच, पंप, गोगलगाई. तिने तोंडावर पदर धरला.

"नोव्हेंबरात तर काईच नव्हतं!"

"व्हतं. दिसत नव्हतं."

"दे इकडं," मालनबाई म्हणाली आणि तांब्या हातातून घेतला.

मग दोघी पाळीपाळीने ओतत राहिल्या. एकीचा हात दमला की दुसरी. चार हंगाम त्या जोडीने एका कोयत्याला होत्या, कोण कधी थकणार हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. जमीन ओली झाली, लुगडी ओली झाली.

"मालन," रंगुबाई मध्येच म्हणाली, "आपन ऊस लई तोडला. वाढताना कदी बघितला का गं?"

मालनबाईने जरा विचार केला. धार चालूच होती. "न्हाई. आपन येतो तवर तो उभाच असतो. आन आपन गेल्यावर फुटवा येतो."

"मीबी न्हाई बघितला. हे पैलंच."

सुकन्या पोचली तेव्हा ऊन मावळतीला लागलं होतं. चिखलाने माखलेली, धावत आलेली. दोघी बायका भिजून टाकीशी बसलेल्या, एकीच्या हातात तांब्या, दुसरी दंड चोळत होती. सुकन्येने टाकीत हात घातला, मग पाण्याचा वास घेतला, मग दगडांवर बॅटरी फिरवली. काही पांढरं पडलं नव्हतं.

"जगलं," ती म्हणाली.

मालनबाईने तांब्या खाली ठेवला. "मला एक सांग पोरी. समुद्रात लाईट जाती तवा तिथं कोन वततं?"

सुकन्येला हसू आवरेना. हसता हसता ती ओल्या जमिनीवरच बसली, आणि आईच्या दुखऱ्या खांद्यावर तिने डोकं टेकलं. रंगुबाईने ते तिथेच राहू दिलं. थोड्या वेळात वीज आली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी टोळी परत निघाली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात पत्रे, भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर माणसं. पाटाच्या रस्त्याने गाडी रंगुबाईच्या दारावरून जाणार होती. मालनबाईने ड्रायव्हरला दारात थांबवायला लावलं.

"दोनच मिंटं," ती म्हणाली आणि उतरली. तिच्या मागून दुसरी उतरली, मग तिसरी. मालनबाईने त्यांना काय सांगून ठेवलं होतं कुणास ठाऊक, नऊ बायका चपला दाराबाहेर काढून आत आल्या. त्यातल्या दोघींच्या कडेवर लेकरं होती. आतल्या खोलीत जागा ती केवढी! काही कॉटवर बसल्या, काही जमिनीवर, काही भिंतीला टेकून. सुकन्येने दिवा लावला. रंगुबाईने खिडकीला चादर बांधली.

कुणी काही विचारलं नाही. ज्या बायका पाच महिने पहाटे चारला उठून फडात जात होत्या त्या निळ्या-गुलाबी उजेडात गप्प बसल्या होत्या. एका लेकराने काचेवर हात ठेवला, त्याच्या हाताखालून गोगलगाय गेली. भिंतीला टेकलेल्या एकीचा डोळा लागला. थेंब पडत होता. रंगुबाई हळू आवाजात सांगत होती, चुना कसा ठेवायचा, साय कशी बाजूला करायची, गाळाला धक्का का लावायचा नाही.

बाहेर ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला, लांब. आतून कुणीही उठलं नाही.